घातांकी वाढ आणि घट शिकवताना: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका ब्रिज कोर्सचा अनुभव

अकरावीच्या कच्च्या मुलांना घातांकी वाढ आणि घट, म्हणजे दर वेळी ठरावीक पटीने वाढणं किंवा कमी होणं, शिकवायचं काम यंदा पहिल्यांदा माझ्याकडे आलं. तयारीसाठी शोधायला लागले तेव्हा सूत्रं आणि सोडवलेली गणितं भरपूर मिळाली, पण वर्गात नेमकं काय होतं, मुलं कुठे अडतात, किती तास लागतात हे सांगणारं मराठीत फारसं काही हाताला लागलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय, जरा लांबलंय, पण ज्यांना पुढच्या जूनमध्ये हे करायचंय त्यांच्या उपयोगी पडेल.

आमचं हायर सेकंडरी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या बाजूला. केरी, मोर्ले, ठाणे, होंडा अशा गावांतून मुलं येतात, बरीचशी चौथीपर्यंत मराठी माध्यमातली आणि पाचवीपासून इंग्रजी, वर्गात बोलणं मराठी-कोंकणी मिसळून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रिन्सिपल सरांनी बोलावून सांगितलं की कॉमर्स आणि व्होकेशनलच्या ज्या मुलांचं बीजगणित कच्चं आहे त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स घ्यायचा आणि घातांकांचा भाग तुम्ही घ्या. तीसेक मुलं होती. मी हो म्हटलं पण पोटात गोळा आला, कारण ही मुलं आठवीत चक्रवाढ व्याज शिकलेली, सूत्र पाठ, आणि तरी "१००० रुपये १० टक्क्यांनी दोन वर्षांनी किती" म्हटलं की अर्ध्या वर्गाचं उत्तर १२००, १२१० नाही.

आधी कागदपत्रं. जादा तास घ्यायचे तर प्रिन्सिपलना लेखी अर्ज, सोबत टाचण (पाठाची आखणी), त्यात लर्निंग आउटकम वेगळे लिहायचे, शिवाय प्रत्येक पालकाची संमतीची सही. माझा अर्ज ऑफिसात आठवडाभर तसाच पडून होता कारण क्लार्क रजेवर होते, त्यामुळे अर्ज देताना दुसऱ्या कॉपीवर आवक नंबर आणि तारीख घालून घ्या, मग विचारायला तोंड राहतं. संमतीपत्रावर घरी जायच्या बसची वेळ लिहायला एक ओळ ठेवा, हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे मुलं कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसवर अवलंबून, एक बस चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नाही. मी सुटल्यावरचा तास मागितला होता, संमतीपत्रं परत आल्यावर कळलं की निम्म्या मुलांना तो जमणारच नाही, मग सकाळच्या प्रार्थनेआधीची चाळीस मिनिटं घेतली.

पहिल्या तासाला सूत्र लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. फळ्यावर दोन नोकऱ्या लिहिल्या, दोन्ही तीस दिवसांच्या. पहिलीत रोज एक लाख रुपये. दुसरीत पहिल्या दिवशी एक पैसा आणि मग रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. कुठली घेणार? दोनतीन सोडली तर सगळ्यांनी लाखवाली घेतली. मग तक्ता करायला लावला. दहाव्या दिवशी पाच रुपये बारा पैसे, सगळे हसले. विसाव्या दिवशी ५२४२ रुपये ८८ पैसे. पंचविसाव्या दिवशी पगार पहिल्यांदा लाखाच्या वर जातो आणि तिथे वर्ग गप्प झाला. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढे आहे, एकूण कमाईची बेरीज केली तर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत लाखवालाच पुढे असतो, २८ लाख विरुद्ध २६ लाख ८४ हजार, आणि एकोणतिसाव्या दिवशी चित्र एकदम पालटतं. तिसाव्या दिवसाचा एकट्याचा पगार ५३ लाख ६८ हजार ७०९ रुपये. हे तोंडी सांगू नका, मुलांना स्वतः काढू द्या, अख्खा तास गेला तरी जाऊ दे.

त्याच तक्त्यातून शून्य घात आणि ऋण घात निघाले, आणि ते मी मुद्दाम ठरवून केलं. पहिल्या दिवशी १ पैसा, म्हणजे २ चा शून्यावा घात. दहाव्या दिवशी २^९ (२ चा नववा घात), २^१० नाही. "पहिला दिवस म्हणजे घात १" असंच मुलांना वाटतं आणि पुढे प्रत्येक उदाहरणात एका घराने चुकतात. म्हणून मी दिवसांच्या शेजारी आणखी एक रकाना काढला, "किती वेळा दुप्पट झालं", आणि घातांक त्या रकान्यातून घ्यायचा. मग विचारलं, हाच नियम मागे नेला तर पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी किती? अर्धा पैसा. त्याच्या आदल्या दिवशी? पाव. एक पायरी वर चढलं की दोनने गुणायचं, खाली उतरलं की दोनने भागायचं. "शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्यावा घात १" हे पाठ केलेलं वाक्य पहिल्यांदाच त्यांना कुठून तरी आलेलं दिसलं.

यानंतर वर्गात एकच सवय लावायची असं मी धरून चालले आणि सगळा कोर्स त्याच्याभोवती फिरला. आकड्यांची रांग समोर आली की आधी दोन ओळी काढायच्या, एकीत शेजारच्या आकड्यांची वजाबाकी, दुसरीत भागाकार. वजाबाकी सारखी येत असेल तर वाढ सरळ रेषेतली, भागाकार सारखा येत असेल तर घातांकी, दोन्ही सारखे येत नसतील तर तिसरंच काहीतरी आहे, बळजबरीने सूत्रात कोंबू नका. माझ्या मते सुरुवातीच्या बीजगणितात घातांकी वाढीचं मर्म एवढंच आहे. सूत्र हे त्या भागाकाराला दिलेलं थोडक्यातलं रूप.

घटीसाठी चिंचोके वापरले. पुस्तकांत नाणी किंवा फासे असतात, पण शंभर नाणी कुठून आणायची, आणि नाण्यात उत्तर आधीच माहीत असतं, निम्मी जाणार. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चिंच फोडून ठेवतात त्यामुळे जूनमध्ये घरोघर चिंचोके असतातच. एक बाजू दगडावर घासून पांढरी केली की पटावर खेळायचे फासे तयार, मुलांच्या आज्यांना हे सांगावं लागलं नाही, दोघीतिघींनी तर पिशव्या भरून घासून पाठवले. सहा गट, प्रत्येकाकडे १००. टेबलावर टाकायचे, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढायचे, उरलेले मोजून लिहायचे, उरलेलेच परत टाकायचे. टाकायला आधी वर्तमानपत्र पसरा नाहीतर आवाजाने शेजारचा वर्ग चालणार नाही.

एका गटाचे आकडे असे आले: १००, ५८, ३५, २०, ११, ७, ३, २. भागाकार ०.५८, ०.६०, ०.५७, ०.५५ आणि मग ०.६४, ०.४३ असे उड्या मारायला लागले. मुलं म्हणाली नियम मोडला. मग सहाही गटांची बेरीज फळ्यावर घेतली: ६००, ३४५, २०१, ११४, ६७, ३९, २२. भागाकार ०.५८, ०.५८, ०.५७, ०.५९, ०.५८, ०.५६. संख्या मोठी असली की नियम दिसतो आणि दहाच्या खाली गेली की नशीब दिसायला लागतं, हे समजावायला मला एक वाक्यही जास्त बोलावं लागलं नाही. आणि ०.५८ हा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता, तो त्यांच्या चिंचोक्यांचा होता, घासण्यावर आणि आकारावर ठरलेला, तुमच्याकडे वेगळा येईल.

इथेच अर्धायुष्य आलं. निम्मे उरायला किती फेका लागतात? एका फेकीनंतर ५८ टक्के उरतात, दोन फेकींनंतर ३४ टक्क्यांच्या आसपास. ठाण्याची एक मुलगी म्हणाली, "टीचर, एक फावट पुरो ना, दोन फावटी चड जाता." (एकदा पुरत नाही, दोनदा जास्त होतं.) अगदी बरोबर, सव्वा फेकीच्या जरासं वर कुठेतरी. ग्राफवर ५० च्या रेषेवरून खाली येऊन तिने ते दाखवलं. त्यानंतर थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आणि कार्बन-१४ चं सुमारे ५७३० वर्षं हे सांगितलं तेव्हा ते आकडे कोरडे राहिले नाहीत, एका मुलाने आपणहून विचारलं की मग १६ दिवसांनी आयोडीन संपतं का. संपत नाही, पाव उरतं. "दोन अर्धायुष्यांत सगळं जातं" हा घोटाळा बहुतेक प्रत्येक वर्गात असणार, तो वर येऊ द्या.

जूनअखेर पाऊस इतका लागला की दोन-तीन सकाळी हजेरी दहा-बारावर आली आणि लाइटही नव्हती. त्या दिवसांत नवीन काही घेतलं नाही, टक्के आणि गुणक (दर वेळी ज्या आकड्याने गुणायचं तो) यांचाच सराव.

हा भाग सगळ्यात किचकट निघाला आणि त्याला मी ठरवल्यापेक्षा खूपच जास्त वेळ दिला. ७ टक्के वाढ म्हणजे गुणक १.०७, ठीक. पण १५ टक्के घट म्हणजे गुणक किती? जवळजवळ सगळ्यांनी ०.१५ लिहिलं. उदाहरण सेकंडहँड मोटरसायकलचं होतं, किंमत ८०,०००, दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरते. ०.१५ ने गुणलं तर एका वर्षात गाडी १२,००० ची होते. वर्गात एकाचे वडील पायलट आहेत, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवतात, त्याने लगेच सांगितलं की असं होऊच शकत नाही. मी त्यालाच फळ्याशी बोलावलं. आता दुसऱ्यांनी १२,००० दरवर्षी वजा करायला घेतले, ६८,०००, ५६,०००, आणि सातव्या वर्षाच्या आत किंमत शून्याच्या खाली गेली. तोच मुलगा म्हणाला, "मोटारसायकल केन्नाच फुकट मेळना." (कधीच फुकट मिळत नाही.) मग "काय गेलं" ते सोडून "काय उरलं" बघायचं ठरलं, १०० तले ८५ उरले, गुणक ०.८५: ८०,०००, ६८,०००, ५७,८००, ४९,१३०, आणि सात वर्षांनीही पंचवीस हजारांच्या वर. त्यानंतर प्रत्येक घटीच्या गणितात आधी "उरलं किती" हे शब्दांत लिहायला लावलं. १० टक्के वाढ आणि मग १० टक्के घट म्हणजे परत तिथेच, हा समजही १.१ × ०.९ = ०.९९ ने तिथल्या तिथे गेला.

दुसरी अडचण क्रियांच्या क्रमाची. ३ × २^४ म्हटलं की ६^४ करतात, ४८ च्या जागी १२९६ येतात. यावर उपाय म्हणजे लांबण लावून लिहायचं, ३ × २ × २ × २ × २, ३ एकदाच येतो कारण सुरुवात एकदाच होते. निदान आठवडाभर तरी लांबण लावूनच लिहू द्या.

कॅल्क्युलेटरचा प्रश्न होता. मोबाइल शाळेत बंद, सायंटिफिक कॅल्क्युलेटर मोजक्यांकडे. पण दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर १.०७ ने गुणण्याची कृती एकदा टाकून बरोबरचं (=) बटण परत परत दाबलं की दर दाबण्याला एक वर्ष पुढे जातं. कंपनीप्रमाणे बटणांचा क्रम बदलतो, काहींत गुणिले दोनदा दाबावं लागतं, आदल्या दिवशी घरी करून बघा. दहा हजार रुपये ७ टक्क्यांनी दहा वर्षांत १९,६७२ होतात, सरळ व्याजाने १७,०००. बटण मोजत मोजत दुप्पट कधी होते हे शोधलं आणि मगच ७२ ला दराने भागायचा नियम (येईल तेवढ्या वर्षांत साधारण दुप्पट) सांगितला. घरचे दाखले मुलांनीच आणले, महिन्याला शेकडा दोनने घेतलेलं कर्ज वर्षाला २४ नाही तर व्याजावर व्याज धरलं की जवळजवळ २७ टक्के पडतं, आणि क्रेडिट कार्डचे महिन्याचे साडेतीन टक्के वर्षाला ५१ च्या वर. हे बघून एक मुलगी दोन मिनिटं काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली, हे मी घरी दाखवते. ती वही तिने खरंच नेली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चहाचा प्रयोग. फिजिक्स लॅबमधून थर्मामीटर हवे तर एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, लॅब असिस्टंटची नोंद, फुटल्यास भरपाईची हमी, दोन दिवस धरून चाला. चहा कॅन्टीनमधून, स्टीलच्या पेल्यात, वर्गातलं तापमान २९ अंश. दर पाच मिनिटांनी वाचलं: ७९, ७०, ६२.५, ५७, ५२. वजाबाकी सारखी नाही. भागाकार ०.८९, ०.८९, ०.९१, ०.९१, जवळ जवळ पण हळूहळू चढणारे. चिंचोक्यांत असं चढलं नव्हतं. मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की हा चहा शेवटी किती थंड होणार. शून्य? वर्ग म्हणाला नाही, २९. मग २९ वरचे अंश तेवढे मोजा. ५०, ४१, ३३.५, २८, २३. भागाकार ०.८२, ०.८२, ०.८४, ०.८२. मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने "आयला" म्हणालं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण मलाही तसंच वाटलं होतं. निवण्याचा हा नियम न्यूटनने १७०१ मध्ये मांडला. एका मुलाने घरी जाऊन पेजेवर करून बघितलं, आकडे खडबडीत होते पण भागाकाराची ओळ त्याने आपणहून काढली होती.

शेवटचं मोठं काम गोव्याची लोकसंख्या. जनगणनेचे आकडे दिले, १९७१ मध्ये ७ लाख ९५ हजार, १९८१ मध्ये १० लाख ८ हजार, १९९१ मध्ये ११ लाख ७० हजार, २००१ मध्ये १३ लाख ४८ हजार, २०११ मध्ये १४ लाख ५९ हजार. २०२१ ची जनगणना झाली नाही म्हणून तिथेच थांबायचं. पुस्तकात लोकसंख्या म्हणजे घातांकी वाढ असंच उदाहरण असतं. भागाकार काढले तर १.२७, १.१६, १.१५, १.०८. सारखे नाहीतच, उतरत चाललेत. पहिल्या दशकाचा १.२७ तसाच धरून २०११ पर्यंत नेलं तर साडेवीस लाख येतात, प्रत्यक्षात साडेचौदा. मग वर्गात चर्चा, घरात मुलं कमी झाली, लोक बाहेर कामाला गेले, बाहेरून आले, कोणाची कारणं बरोबर हे मी ठरवलं नाही. पण सूत्र आहे म्हणून ते लागू होतंच असं नाही, आधी भागाकार तपासायचा, हे त्यांनी आपल्याच राज्याच्या आकड्यांवर केलं. माझ्या दृष्टीने कोर्समधला हा सगळ्यात चांगला तास.

सूत्र अखेर इथे लिहिलं, शेवटची रक्कम = सुरुवात × गुणक^(किती वेळा). तोवर ते कोणाला नवीन राहिलं नव्हतं, एकीने तर आधीच वहीच्या कडेला लिहून ठेवलं होतं.

खर्च साधारण सहा-सातशे रुपये, त्यात सगळ्यात जास्त झेरॉक्स आणि ग्राफ पेपर, मग चहा. कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या निधीतून) निम्मे परत मिळाले ते महिन्याभराने. झेरॉक्सवाल्याकडून दुकानाच्या नावाचं छापील बिल घ्या, नुसत्या चिठ्ठीवर ऑफिस पैसे देत नाही, आणि चहाचं बिल "प्रयोग साहित्य" म्हणून चाललं नाही. ग्राफ पेपर एकेक घेण्यापेक्षा पॅड घ्या.

जुलैअखेर टेस्ट घेतली, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी पेपर तपासून रिपोर्ट द्यायचा होता. रिपोर्टला हजेरीपत्रक, आधीची आणि नंतरची टेस्ट, दोन्हीचे नमुना पेपर, सगळं तीन प्रतींत. पहिल्या दिवसापासून हजेरी वेगळ्या कागदावर ठेवली असेल तर हे एका बसणीत होतं. १००० रुपयांचं ते गणित मुद्दाम परत घातलं होतं, १२०० लिहिणारे आता चार-पाचच उरले. ०.१५ आणि ०.८५ चा घोळ मात्र सात-आठ जणांचा अजून आहे, त्यांच्यासोबत मधल्या सुट्टीत बसतेय.

एक प्रश्न मी तसाच शिल्लक ठेवलाय. "किती वर्षांनी दुप्पट" हे आपण बटण दाबत किंवा ग्राफवर बघून काढलं, पण घातांकच माहीत नसेल तर तो थेट कसा काढायचा? त्याला लॉगॅरिदम लागतं आणि ब्रिज कोर्समध्ये ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मुलांना आधी तक्त्यात चाचपडू द्या. पायलटच्या मुलाने विचारलंय की मोटरसायकल नेमकी कधी दहा हजारांवर येते, तेरा वर्षांच्या आधी की नंतर. तक्ता करून त्याने बारा आणि तेराच्या मधे पकडलंय. नेमकं उत्तर दुसऱ्या टर्ममध्ये.